गंज काढणारा रस

गेल्या वर्षीच्या श्रावणातला दुसरा रविवार. बाहेर बेळगावचा नेहमीचा पाऊस, म्हणजे पडतोय की थांबलाय हे कळू नये असा. आमचे हे झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. सूनबाईने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, ‘‘मावा, चा कुडीतीरेन्री?’’ ती धारवाडची. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलते. हे तिला उत्तर देताना अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं करतात आणि वर स्वतःच हसतात. त्या दिवशी यांनी जे उत्तर दिलं ते मात्र दोन्हीकडचं नव्हतं. नुसतेच शब्दांसारखे आवाज. सूनबाई हसली. मीही हसले. नवीन काहीतरी कोटी काढली असेल असं वाटलं.

चहाचा कप यांच्या उजव्या हातात दिला आणि तो सरळ खाली पडला. तेव्हा मी यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यांना स्वतःला कळत होतं की आपण बोलतोय ते चुकतंय. डोळ्यांत ती भीती दिसत होती. सूनबाई ‘‘एनात्री, मावा?’’ म्हणत जवळ आली, मी मराठीत विचारलं, आणि आयुष्यभर दोन भाषांत बोललेल्या माणसाला एकाही भाषेतला एकही शब्द सापडेना.

चिरंजीवांनी गाडी काढली. टिळकवाडीचं फाटक नेमकं बंद होतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत साधारण पंचवीस मिनिटं गेली असतील. स्ट्रेचरवर घेताना हे स्पष्ट मराठीत म्हणाले, ‘‘माझा चष्मा राहिला घरी.’’ ते वाक्य ऐकून मला जे रडू फुटलं ते नंतर बराच वेळ थांबलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचा स्कॅन केला, रक्त घेतलं. मेंदूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती आणि आपोआप विरघळली होती. थोडक्यात निभावलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि मला बाजूला बोलावून विचारलं, ‘‘बाई, हे रक्त पातळ करायची गोळी घेतात ना?’’ मी म्हटलं, घेतात की, रोज रात्री. ते म्हणाले, ‘‘आय.एन.आर. १.१ आहे. यांनी गोळी घेतलेली नाही. निदान काही आठवडे तरी.’’

ज्यांच्या घरी वॉर्फरिन आहे त्यांना हा आकडा कळेल. इतरांसाठी सांगते. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आय.एन.आर. एकच्या आसपास असतो. आमच्या यांचा दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. त्याहून कमी झाला की गुठळीची भीती, जास्त झाला की रक्तस्रावाची.

यांना लहानपणी, खानापूरच्या घरी असताना, सांधे सुजून ताप यायचा. संधिवाताचा ताप. तेव्हा त्याला कोणी फारसं मनावर घ्यायचं नाही, शेक द्यायचा, लेप लावायचा आणि बरं वाटलं की शाळेत पाठवायचं. हा ताप सांध्यांतून निघून जातो पण हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून जातो. यांची डावीकडची, मायट्रल नावाची झडप आकसली आहे. साठी उलटल्यावर हृदयाची लय बिघडली. वैद्यकीय भाषेत एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. त्यातले काही ठोकेच खाली पोहोचतात, तेही कसेही. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी कधी दोन ठोके लगोलग देते, कधी थांबते, मग एकदम जोरात. तबल्याचा हात नसलेल्याने ठेका धरावा तशी.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं आणि साचलेलं रक्त गोठतं. ती गुठळी निसटून मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यात या लयबिघाडाने पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट वाढतो असं दिसलं. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल तर तो सतरापट. म्हणून ती गोळी.

आणि ती गोळी यांनी पाच आठवडे घेतली नव्हती. रोज रात्री पाकिटातून काढायचे आणि बेसिनमध्ये टाकायचे. मला वाईट वाटू नये म्हणून.

आता या रसाची गोष्ट सांगायला हवी. माझ्या नणंदेचा मुलगा, आमचा भाचा, मनाने फार चांगला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात होता, ती नोकरी गेली. मग कुणीतरी त्याला साखळी पद्धतीने माल विकायच्या धंद्यात ओढलं. माल म्हणजे नोनीच्या फळाचा रस. आपल्याकडे या झाडाला बारतोंडी किंवा आल म्हणतात, पूर्वी याच्या मुळांपासून लाल रंग काढायचे. एका बाटलीला हजाराच्या वर किंमत. भाचा रंगीत माहितीपत्रक घेऊन आला आणि मामांसमोर बसला. ‘‘मामा, लोखंडाला जसा गंज चढतो तसा हृदयाला चढतो. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हृदयाचे ठोके चुकतात ते त्यामुळेच. हा रस अँटिऑक्सिडंट आहे, गंज काढतो.’’

आमच्या यांची सारी नोकरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेली. गंज म्हटल्यावर माणूस कान टवकारणारच. सूनबाई दारात उभी होती, ती म्हणाली, ‘‘तुक्कु?’’ आणि सगळे हसले. कानडीत गंजाला तुक्कु म्हणतात, बोलायला मजेशीर शब्द आहे.

आणि मी? एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे, एकात साधं पाणी, एकात उकळलेलं पाणी आणि वर तेल, एकात कोरडी हवा. गंज कुठे चढतो पाहा मुलांनो. तेव्हा मी माहितीपत्रक चाळून म्हटलं, ‘‘यात तथ्य आहे बरं का. ऑक्सिडीकरण शरीरातही होतं.’’ माझं ते एक वाक्य यांना पुरलं. मास्तरीणबाई म्हणतात म्हणजे खरंच असणार! त्यानंतर भाचा यांच्याशी एकट्याशी काय बोलला ते मला दवाखान्यातून आल्यावर कळलं. तो म्हणाला होता, ‘‘मामा, ती रक्ताची गोळी म्हणजे मुळात उंदीर मारायचं औषध आहे. वाटल्यास कुणालाही विचारा.’’

यांनी कुणालाही विचारलं नाही. गंमत अशी की विचारलं असतं तरी उत्तर ‘हो’ असंच आलं असतं, कारण ते खरं आहे.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडे आणि कॅनडात गाईगुरं कारण नसताना रक्त वाहून मरू लागली. शिंग छाटलं तरी रक्त थांबेना. शोध घेतल्यावर कळलं की ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या चाऱ्याला बुरशी आली की असं होतं. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठात आला. तिथले रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांनी पुढची काही वर्षं त्या चाऱ्यातलं नेमकं द्रव्य शोधण्यात घालवली. त्यातूनच वॉर्फरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून देऊ लागले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही हेच दिलं होतं. सूनबाईला हे सांगितलं तर ती डोळे मोठे करून म्हणाली, ‘‘म्हणजे इलि पाषाण खरंच!’’ खरंच. पण मात्रा वेगळी, आणि ती मात्रा मोजायला महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं असतं. दर महिन्याला मोजून घेतलेल्या त्या रसाचा कुठला आकडा असतो, सांगा बघू.

असो. मी रागावले, पण राग भाच्यापेक्षा स्वतःवर जास्त होता. ‘यात तथ्य आहे’ हे माझंच वाक्य. म्हणून ठरवलं, तथ्य किती आणि कुठपर्यंत ते नीट वाचून काढायचं. चिरंजीव संगणकावरून निबंध छापून आणत होते, मी डिक्शनरी घेऊन बसत होते. पावसाळा सगळा यातच गेला.

पहिली गोष्ट, गंजाची कल्पना खोटी नाही. आपल्या प्रत्येक पेशीत अन्न जाळून शक्ती काढणाऱ्या भट्ट्या आहेत, मायटोकॉन्ड्रिया. हृदयाच्या पेशीत त्या खच्चून भरलेल्या असतात, कारण हृदयाला सुट्टी नाही. जळताना काही ऑक्सिजन अर्धवट राहून फार तापट होतो. त्याला इलेक्ट्रॉन कमी पडतो आणि तो शेजाऱ्याकडून ओरबाडतो. हेच फ्री रॅडिकल. १९५६ मध्ये डेन्हम हारमन यांनी म्हातारपण यामुळेच येतं असं मांडलं. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना शरीरातच असा एक एन्झाइम सापडला, ज्याचं कामच या तापट ऑक्सिजनला थंड करणं. म्हणजे शरीर स्वतःच रात्रंदिवस गंजरोधक बनवत असतं. तापट बाजू वरचढ झाली की तोल जातो, आणि त्या तोल जाण्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव १९८५ मध्ये हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने रूढ केलं.

दुसरी गोष्ट, याचा हृदयाच्या लयीशी संबंधही खरा आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका कॅल्शियमच्या आवकजावकीवर चालतो. पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर आलं की स्नायू आवळतो, परत कोठारात गेलं की सैल पडतो. या कोठाराच्या दारावर काम करणारं एक प्रथिन आहे, त्याचं नाव कॅमकायनेज टू. इशारा मिळाला की ते चालू होतं, काम झालं की बंद. २००८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तापट ऑक्सिजनने या प्रथिनाच्या एका विशिष्ट जागेला धक्का लावला की त्याचं बटण चालूच राहतं. मग कोठाराचं दार गळतं, नको त्या वेळी कॅल्शियम बाहेर येतं, आणि नको त्या वेळी ठोका पडतो. २०१३ मध्ये याच दिशेने उंदरांवर पुढचा प्रयोग झाला. ज्या उंदरांत ती जागा बदलून ऑक्सिडीकरण होऊच दिलं नाही, ते या लयबिघाडापासून बरेच वाचले. (बिचारे उंदीर. आमच्या या सगळ्या कहाणीत ते दोनदा कामी आले.)

यात आणखी एक दुष्टचक्र आहे. १९९५ मध्ये हॉलंडमधल्या मास्ट्रिक्टला बकऱ्यांवर प्रयोग झाले. यंत्राने बकरीच्या हृदयाची लय मुद्दाम पुन्हा पुन्हा बिघडवली. सुरुवातीला ती काही सेकंदांत आपोआप ताळ्यावर यायची. पण जसजसे दिवस गेले तसतशी बिघडलेली लय जास्त वेळ टिकू लागली आणि शेवटी तशीच राहिली. बिघाडच बिघाडाला खतपाणी घालतो. थरथरणाऱ्या कप्प्यात ऑक्सिडीकरण वाढतं, त्याने पेशी आणखी बिघडतात, हळूहळू तिथे व्रणासारखे तंतू तयार होतात.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मला वाटलं, माझं चुकलं कुठे? गंज आहे, गंजाने लय बिघडते, मग गंजरोधक घ्यायला काय हरकत? आणि सुरुवातीचे निकालही तसेच होते. २००१ साली अमेरिकेत बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या ४३ रुग्णांना आदल्या रात्रीपासून पुढचे पाच दिवस क जीवनसत्त्व दिलं. शस्त्रक्रियेनंतर ही लय बिघडणं अगदी नेहमीचं. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यापैकी सुमारे ३५ टक्क्यांची लय बिघडली, ज्यांना दिलं त्यांच्यापैकी १६ टक्क्यांची. २०१३ मध्ये चिलीतल्या डॉक्टरांनी २०३ रुग्णांवर क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि माशाचं तेल असं तिन्ही वापरून पाहिलं, तर ३२ टक्क्यांच्या जागी दहा टक्क्यांच्या आतच लोकांना त्रास झाला. माहितीपत्रक छापणारे हेच आकडे छापतात.

मग मोठे अभ्यास झाले. आणि मोठ्या अभ्यासांनी एकामागून एक निराशा केली. एकट्या माशाच्या तेलावर तीन देशांतल्या पंधराशेहून जास्त शस्त्रक्रियांच्या रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. तेल घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत काडीचा फरक नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांमध्येही ऑक्सिडीकरण रोखायचा गुण आहे. २००६ मध्ये इटलीत दोनशे रुग्णांत त्यांनी लय सांभाळल्यासारखं दिसलं होतं. चीनमध्ये जवळजवळ दोन हजार रुग्णांवर पाहिलं (२०१६) तेव्हा लयीला उपयोग शून्य, उलट मूत्रपिंडाला थोडा त्रास. ही गोळी कोलेस्टेरॉलसाठी आणि झटका टाळण्यासाठी उत्तमच आहे, ती कुणी माझा लेख वाचून बंद करू नका. मी फक्त लयीबद्दल बोलतेय.

सर्वसाधारण माणसांवरचे अभ्यास तर याहून मोठे. ई जीवनसत्त्वाच्या रोजच्या ४०० युनिटांवर नऊ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला फायदा नाही. तेच लोक पुढे आणखी काही वर्षं पाहिले, तर ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण थोडं जास्तच निघालं. ब्रिटनमध्ये वीस हजार लोकांना क, ई आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं, काही नाही. फिनलंडमधल्या बिडीकाडी ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं होतं, १९९४ मध्ये निकाल आला, तर फुप्फुसाचा कर्करोग घेणाऱ्यांतच जास्त. तेच द्रव्य गाजरात असतं आणि गाजर खाणाऱ्याला काही होत नाही! आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल? जास्त मात्रेत, रोज चार ग्रॅम, घेणाऱ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात हीच लय बिघडून दवाखान्यात यावं लागणाऱ्यांचं प्रमाण २.१ वरून ३.१ टक्के झालं. म्हणजे जिच्यासाठी घ्यायचं तीच बिघडते. बांगडा खाणाऱ्या गोव्याच्या नातेवाइकांनी घाबरू नये, ताटातल्या माशाबद्दल हे नाही.

हे असं का व्हावं, हे मला आमच्या यांनीच समजावलं. दवाखान्यातून आल्यावर पंधरा दिवस घरात बसून होते, मी वाचून दाखवायची. एक दिवस म्हणाले, ‘‘तुझ्या परीक्षानळीत खिळा निर्जीव होता. फाउंड्रीत बघ. बाहेर पडलेल्या मालाला हवा लागली की गंज. पण म्हणून आम्ही कुपोला भट्टीची हवा बंद करतो काय? हवेचा झोत थांबला तर लोखंड वितळायचंच नाही.’’

अगदी बरोबर बोलले. तापट ऑक्सिजन नुसता कचरा नाही. पांढऱ्या पेशी त्याच्याच माऱ्याने जंतू मारतात. पेशी एकमेकींना निरोप पाठवतात तोही थोडाबहुत त्याच्याच भाषेत. २००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांना व्यायाम करायला लावला. ज्यांना त्याबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या, त्यांच्या शरीराला व्यायामाने इन्सुलिनच्या बाबतीत जो फायदा व्हायचा तो झालाच नाही. व्यायामाने थोडं ऑक्सिडीकरण होतं, शरीर त्यावरून धडा घेऊन स्वतःची गंजरोधक यंत्रणा वाढवतं. गोळीने तो धडाच पुसला.

शिवाय पोटात घेतलेला रस सगळ्या अंगात पसरतो. बिघाड असतो पेशीच्या आत, एका प्रथिनाच्या एका टोकाला. तिथे तो पोहोचतो कुठे? आणि ज्यांची झडपच लहानपणी आकसली, ज्यांचा वरचा कप्पा ताणून ताणून मोठा झाला, तिथे व्रण पडून दहा वर्षं लोटली, त्यांचा गंज आता रसाने कसा निघावा? शास्त्रज्ञ अजून या वाटेवर काम करत आहेत. नेमक्या त्या प्रथिनाला किंवा ते तापट ऑक्सिजन तयार करणाऱ्या एन्झाइमला गाठणारं औषध निघालं तर मी पहिली पेढे वाटीन. आज तसं औषध दुकानात नाही आणि बाटलीत तर नाहीच नाही.

डॉक्टरांना मी बाटली नेऊन दाखवली होती. त्यांनी एकच गोष्ट विचारली, यांचं मूत्रपिंड कसं आहे. नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं आणि मूत्रपिंड अधू असलेल्याच्या रक्तात ते साठलं तर हृदयाची लय त्यानेच बिघडू शकते. ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा वॉर्फरिनबरोबर घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. ‘‘निसर्गाचं आहे, अपाय काय होणार’’ असं आपण सहज म्हणतो. वॉर्फरिनची सुरुवातही बुरशी आलेल्या चाऱ्यातूनच झाली ना?

मी विचारलं, आता नवीन गोळ्या निघाल्यात, रक्त तपासावं न लागणाऱ्या, त्या देता येतील का. पुष्कळांना त्या चालतात आणि सोयीच्याही आहेत. पण संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच आकसलेली असेल तर नाही. २४ देशांतल्या साडेचार हजारांवर अशा रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात नव्या गोळीपेक्षा वॉर्फरिनसारख्या जुन्या गोळ्यांवरच्या लोकांत मृत्यू कमी झाले. आपल्या भागात हा ताप येऊन गेलेली माणसं घरोघरी आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. शेजाऱ्याला जी गोळी चालते ती तुम्हाला चालेलच असं नाही.

आणि पालेभाजी. वॉर्फरिन सुरू झालं तेव्हा कुणीतरी सांगितलं, पालेभाज्या बंद. त्यात के जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. आम्ही दोन वर्षं घरात मेथी आणली नाही! धारवाडच्या मुलीला सोप्पुशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच, पण बिचारी बोलली नाही. या खेपेला डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बंद करू नका, फक्त रोज साधारण सारखी खा. एक दिवस टोपलीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं नको, कारण गोळीची मात्रा तुमच्या रोजच्या ताटावर ठरवलेली असते. आता आमच्याकडे दुपारी एक वाटी पालेभाजी ठरलेली. मेथी, पालक, राजगिरा, कधी सूनबाईच्या पद्धतीची पुंडी पल्ले. आवळ्याचं लोणचंही आहे, आवडतं म्हणून आहे, हृदयासाठी नाही. अंगदुखीची गोळी मात्र मनाने घ्यायची नाही, ती वॉर्फरिनबरोबर रक्तस्राव घडवते.

लय बिघडलेल्या पण झडप चांगली असलेल्या माणसांसाठी वाचताना एक गोष्ट फार आवडली. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला लठ्ठ रुग्णांचा अभ्यास झाला (२०१५). ज्यांनी वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवलं आणि ते टिकवलं, त्यांची लय ठीक राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट. ऑस्ट्रेलियातच पुढे दारू सोडलेल्यांवर अभ्यास झाला, त्यांचाही त्रास कमी झाला. रक्तदाब, साखर, झोपेत घोरून श्वास अडकणं, हे सगळं ऑक्सिडीकरण वाढवणारंच असतं. म्हणजे गंज कमी करायचा रस्ता आहे, फक्त त्याची एजन्सी कुणी घेत नाही. यांचा कुंदा आठवड्यातून एकदा, एक चमचा, एवढ्यावर आणलाय. त्यावरून घरात रोज भांडण आहे.

एक विनंती करते आणि ती सगळ्यांना आहे. घरात साठीच्या पुढचं जे कोणी असेल त्यांची नाडी महिन्यातून एकदा पाहा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवायची, घड्याळ समोर घेऊन एक मिनिट मोजायची. आकड्यापेक्षा ठेका ऐका. ठेका अगदीच बेताल वाटला तर ई.सी.जी. काढून घ्या. पुष्कळांना ही लय बिघडल्याचं कळतच नाही, पहिली खूण थेट पक्षाघाताची असते. आणि बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी दवाखाना गाठा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आम्ही पहिल्यांदा हसण्यात दोन-तीन मिनिटं घालवली, ती मला अजून टोचतात.

भाच्याचं काय झालं, विचाराल. तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला आणि कॉटच्या पायाशी उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. नणंदबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, कारण मी फोनवर नको ते बोलले होते. हे मात्र त्याला म्हणाले, ‘‘गोळी मी फेकली, तू नाहीस.’’ त्याने तो धंदा सोडलाय. पैसे अडकले ते अडकलेच. आता एका वर्कशॉपमध्ये लागलाय. दर महिन्याला मामांना स्कूटरवरून रक्त तपासायला तोच घेऊन जातो आणि रिपोर्टचा आकडा मला फोनवर आधी सांगतो. परवाचा २.४ होता.

उरलेल्या दोन बाटल्या माळ्यावर आहेत. टाकून द्यायला हात होत नाही, हजार-हजार रुपये मोजलेले. सूनबाई म्हणते, ‘‘अत्ती, त्यात एक खिळा टाकून बघूया काय?’’ टाकलाय. तीन आठवडे झाले. खिळ्याला गंज चढलाय.